मूत्रातील औषधाचे मेटाबोलाइट विद्रावकाने कसे वेगळे करावेत

औषध दिलेल्या पांढऱ्या उंदराच्या मूत्रात मूळ औषधाबरोबर त्याचे मेटाबोलाइटही (शरीरात औषधात बदल होऊन बनलेले पदार्थ) उतरतात, पण त्या सर्वांचा स्वभाव सारखा नसतो. ऑक्सिडीकरणाने हायड्रॉक्सिल गट लागलेले मेटाबोलाइट बहुधा विद्रावकात (पाण्यात न मिसळणाऱ्या सेंद्रिय द्रवात) येतात, तर ग्लुक्युरोनिक आम्लाशी किंवा सल्फेटशी जोडले गेलेले मुख्यतः पाण्यातच राहतात. त्यामुळे निष्कर्षण (विद्रावकाने पदार्थ ओढून काढणे) टप्प्याटप्प्याने करावे आणि उरलेला पाण्याचा थर काम पूर्ण होईपर्यंत फेकू नये.

प्राणी नैतिकता समितीची मान्यता मिळाल्यावर प्राणी मूत्र आणि विष्ठा वेगवेगळी जमा होणाऱ्या पिंजऱ्यात ठेवावा आणि मूत्राची बाटली बर्फात ठेवावी. औषध देण्यापूर्वीचे मूत्रही राखून ठेवावे, कारण आहारातून आलेले पदार्थ त्याच्याशी तुलना केल्यावरच ओळखता येतात.

सर्वांत जास्त विचार पीएचवर खर्च करावा. विद्रावकात जातो तो मुख्यतः विद्युतभार नसलेला रेणू. म्हणून आम्लधर्मी पदार्थासाठी पीएच त्याच्या पीकेएपेक्षा (ज्या पीएचला निम्मे रेणू भारित असतात त्या मूल्यापेक्षा) सुमारे 2 एककांनी खाली आणि अल्कधर्मी पदार्थासाठी तेवढाच वर ठेवला, की सुमारे 99 टक्के रेणू भाररहित होतात. मॉर्फिनसारख्या, अमाइन (अल्कधर्मी) आणि फिनॉल (आम्लधर्मी) असे दोन्ही गट असलेल्या पदार्थाला मात्र फार अल्कधर्मी माध्यमही चालत नाही; त्याचे निष्कर्षण पीएच 9 च्या आसपास साधते.

1 मिलिलिटर मूत्रात आधी आंतरिक मानक, म्हणजे तुलनेसाठी ठरावीक प्रमाणात घातलेला माहीत असलेला पदार्थ, मिसळावे (नंतर मिसळल्यास वाटेतली घट कळत नाही), मग बफर (पीएच स्थिर ठेवणारे द्रावण) आणि इथाइल अॅसिटेट घालून नळी सावकाश उलटसुलट फिरवावी. जोरात हलवल्यास दुधाळ इमल्शन होते, आणि ते मोडण्यासाठी मीठ घालून सेंट्रिफ्यूज करावे लागते. इथाइल अॅसिटेट वर तरंगते, डायक्लोरोमिथेन तळाशी बसते. थर काढताना हे विसरू नये. वितरण गुणांक (विद्रावकातील आणि पाण्यातील प्रमाणांचे गुणोत्तर) 4 असेल, तर मूत्राइतक्याच विद्रावकाने एकदा 80 टक्के आणि दोनदा 96 टक्के पदार्थ निघतो. तोच दुप्पट विद्रावक एकदम वापरल्यास जेमतेम 89 टक्के. वेगळा केलेला विद्रावक नायट्रोजनच्या झोतात, साधारण 40 अंश सेल्सिअसला उडवावा. अमाइन बाष्पनशील असल्यास त्याआधी थोडे हायड्रोक्लोरिक आम्ल घालून त्याचा क्षार करावा, नाहीतर विद्रावकाबरोबर तेही उडून जाते.

आता राखलेल्या पाण्याच्या थराकडे वळावे. त्यात विरघळलेला विद्रावक उडवून, पीएच 5 च्या सुमारास ग्लुक्युरोनिक आम्लाचा जोड तोडणारे एन्झाइम बीटा-ग्लुक्युरोनिडेज घालून 37 अंशांना रात्रभर ठेवावे आणि पुन्हा निष्कर्षण करावे. शेजारी एक नळी एन्झाइमविना आणि एक एन्झाइमबरोबर त्याचा अवरोधक सॅकॅरोलॅक्टोन घालून ठेवावी. या दोन्हींत न दिसणारा पदार्थ फक्त एन्झाइम घातलेल्या मूळ नळीत दिसला, तरच तो ग्लुक्युरोनाइडमधून (ग्लुक्युरोनिक आम्लाशी जोडलेल्या रूपातून) सुटला असे म्हणता येते. कार्बोक्झिलिक आम्लाच्या औषधांचे असिल ग्लुक्युरोनाइड (आम्लगटातून जोडलेले ग्लुक्युरोनाइड) अल्कधर्मी माध्यमात आपोआप तुटतात, तेव्हा असे मूत्र जमा करतानाच सौम्य आम्लधर्मी करावे.

जुन्या ईथरमधील पेरॉक्साइड अमाइनचे ऑक्सिडीकरण करतात आणि असा पदार्थ मेटाबोलाइट म्हणून फसवतो. औषधविरहित मूत्रात मूळ औषध मिसळून तीच कृती केली की ही फसगत उघडी पडते. कार्बन-14 ने चिन्हांकित औषध वापरले असेल, तर प्रत्येक थराची किरणोत्सारिता मोजावी. एन्झाइमनंतरही पाण्यात बरीच किरणोत्सारिता राहिली, तर आधी सल्फेटेज (सल्फेटचा जोड तोडणारे एन्झाइम) वापरून पाहावे, आणि त्यानेही ती सुटली नाही, तर नमुना पीएच 2 च्या आसपास आणून पुन्हा इथाइल अॅसिटेट लावावे, कारण मर्कॅप्ट्युरिक आम्ले (ग्लुटाथायोनशी जोड होऊन पुढे बनणारे मेटाबोलाइट) बहुधा तिथेच बाहेर पडतात.