साताऱ्यात राहून हिम-बर्फाच्या उपग्रह संशोधनाची सुरुवात कशी करावी

सातारा-सांगलीच्या महाविद्यालयांत भूगोल किंवा पदार्थविज्ञान शिकणाऱ्या अनेकांची समजूत असते की, बर्फावरील संशोधन हिमालयात गेल्याशिवाय होत नाही. प्रत्यक्षात लँडसॅट मालिकेच्या १९७२ पासूनच्या आणि युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांच्या प्रतिमा विनामूल्य मिळतात; या प्रतिमांवर काम करून नकाशे तयार करणारी क्यूजीआयएस ही संगणक प्रणालीही विनामूल्य आहे.

पहिला सराव मात्र हिमनदीवर नव्हे, तर कोयनेच्या शिवसागरावर करावा. बर्फ दृश्य प्रकाश भरपूर परावर्तित करतो, पण सुमारे १.६ मायक्रोमीटर तरंगलांबीचे अवरक्त किरण शोषून घेतो. सेंटिनेल-२ ठरावीक तरंगलांबीच्या पट्ट्यांत वेगवेगळ्या प्रतिमा टिपतो. म्हणून त्याच्या तिसऱ्या (हिरव्या प्रकाशाच्या) पट्ट्यातून अकरावा (१.६ मायक्रोमीटरचा अवरक्त) पट्टा वजा करून त्या दोहोंच्या बेरजेने भागले, की हिम निर्देशांक मिळतो आणि तो ०.४ च्या वर गेला तर तेथे बर्फ आहे असे सामान्यतः मानतात. डिसेंबरातील निरभ्र दिवसाची प्रतिमा घेऊन हे गणित केले, तर बामणोलीकडच्या फाट्यांसह जलाशय ‘बर्फ’ म्हणून उजळतो, कारण स्वच्छ पाणीही तेच अवरक्त किरण शोषते. आठव्या (दृश्य प्रकाशालगतच्या अवरक्त) पट्ट्यातील परावर्तन ११ टक्क्यांहून अधिक असावे, ही अट जोडली की हे पाणी गळून पडते. हिमनदीच्या मुखाशी असलेले सरोवर बर्फात मोजले जाण्याची चूक याच अटीने टळते. मुळात जलाशय उजळलाच नाही, तर २५ जानेवारी २०२२ पासूनच्या प्रतिमांमध्ये प्रत्येक बिंदूच्या मूल्यात आधीच अधिक केलेले १००० अंक वजा करायचे राहिले आहेत का, ते प्रथम पाहावे.

सांगलीकरांना रडारचा सराव ऑगस्ट २०१९ च्या कृष्णेच्या महापुरावर करता येईल. सेंटिनेल-१ हा रडार उपग्रह लहरी सोडून त्यांचा प्रतिध्वनी टिपतो. त्याच्या प्रतिमेत पुराचे पाणी काळे दिसते, कारण सपाट पृष्ठभाग लहरी दुसरीकडे परावर्तित करतो. ओला बर्फही काळसर दिसतो, पण तो लहरी शोषून घेतो म्हणून. कोरड्या हिवाळ्यातील प्रतिमेपेक्षा वसंतातील प्रतिध्वनी सुमारे ३ डेसिबलने घटला, तर बर्फ वितळू लागला असे मानतात. दोन्ही प्रतिमा एकाच कक्षेतील असाव्यात, अन्यथा डोंगरउताराचा परिणाम बर्फाचा म्हणून मोजला जातो.

यानंतर एक छोटा प्रश्न निवडावा. दगडमातीने झाकलेल्या हिमनद्यांची सीमा आखणे हा मला सर्वांत समृद्ध विषय वाटतो, कारण तेथे हिम निर्देशांकाला केवळ खडक दिसतो आणि रडार, उष्णता व उतार यांची सांगड घालावी लागते. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक सरोवर फुटल्यानंतर हिमसरोवरांच्या वाढीचा अभ्यासही तितकाच निकडीचा झाला आहे. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटाहून सोडलेला नासा व इस्रोचा निसार हा रडार उपग्रह दर १२ दिवसांनी त्याच भागावरून जातो. त्याच्या एल पट्ट्यातील (सेंटिनेल-१ पेक्षा लांब तरंगलांबीच्या) लहरींमुळे हिमनद्यांचा वेग मोजण्याची नवी संधी मिळाली आहे.

पुढील शिक्षणासाठी देहरादूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था (तिचे ऑनलाइन अभ्यासक्रम घरूनही करता येतात), गोव्याचे राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र, अहमदाबादचे अवकाश उपयोग केंद्र आणि आयआयटी मुंबई यांचा विचार करावा. मार्गदर्शकांना पत्र लिहिताना केवळ आवड कळवू नये. अट लावण्यापूर्वीचा आणि नंतरचा असे शिवसागराचे दोन नकाशे, निवडलेल्या हिमनदीचा एक नकाशा आणि त्यात कोठे चूक राहिली आहे याचे अर्ध्या पानाचे टिपण सोबत जोडावे.