गडाच्या पायथ्याशी ओळख करून देताय? या चुका टाळा

पहाटेचे साडेपाच. पायथ्याच्या गावातलं मारुतीचं देऊळ, पारावर टाकलेल्या सॅका, कुणाच्या तरी पडवीत चुलीवर चढलेले पोहे, आणि डोळे चोळत गोल करून उभी असलेली पस्तीस माणसं. "चला, ओळखी करून घेऊ. नाव, कामधंदा, छंद आणि आधी केलेले ट्रेक." हे वाक्य मी अठरा वर्षं म्हणतोय आणि अठरा वर्षं तीच उत्तरं ऐकतोय. "मी अमुक, आयटीत आहे, छंद वाचन, संगीत आणि ट्रॅव्हलिंग." पुढचा म्हणतो, "मी तमुक. मी पण आयटीत. बाकी सेम."

बाकी सेम! दिवसभर ज्याच्या मागेपुढे चालायचंय, ज्याचा हात धरून कातळ उतरायचाय, त्याच्याबद्दल मला एवढंच कळलं की त्याचं बाकी सेम आहे. म्हणून हे लिहितोय. थोडा चिडून लिहितोय, सांभाळून घ्या.

गडाचं नाव सांगता, वाट सांगत नाही

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून आधी हीच.

"सिंहगड केलाय" म्हणजे नक्की काय केलंय? आतकरवाडीतून घाम गाळत चढलात, की गाडीनं थेट वर जाऊन कांदाभजी आणि मडक्यातलं दही खाऊन आलात? दोन्हीला आपण 'केला' म्हणतो. हरिश्चंद्रगडाचं याहून अवघड. पाचनईहून गेलात तर ही गडावर जायची सगळ्यात सोपी वाट, अडीच-तीन तासांत तुम्ही मंदिरापाशी. खिरेश्वराहून तोलार खिंडीतून गेलात तर चाल लांबलचक आणि खिंडीच्या वर कातळाचा टप्पा, आधाराला रेलिंग. आणि बेलपाड्याहून नळीच्या वाटेनं गेलात तर कोकणातून सुरुवात, कोकणकड्याच्या बाजूच्या घळीतून दिवसभर धोंड्यांवरून उड्या, मधले कातळटप्पे दोर लावून पार करायचे. गड तोच, उंची तीच १४२४ मीटर. पण पाचनईवाल्याला नळीबद्दल तेवढंच माहीत असतं, जेवढं विहिरीत पोहणाऱ्याला समुद्राबद्दल.

काही वर्षांपूर्वीची जानेवारी. नळीच्या वाटेला आम्ही सोळा जण. बेलपाड्यात गोल केला. तिशीतला एक उत्साही गडी, कोरे बूट, कोरी सॅक. म्हणाला, "हरिश्चंद्रगड दोनदा झालाय, म्हणून आता नळी." इतक्या सहज म्हणाला की मी मान डोलावली आणि पुढच्याकडे वळलो. त्याला एक प्रश्न विचारायला हवा होता, तो मी विचारला नाही. ही चूक माझी, हे आधी कबूल करतो.

दुपारपर्यंत सगळं छान. धोंड्यांवरून तो आमच्या आधी पुढे. मग दुसरा कातळटप्पा आला. दोर लावला, आठ जण वर गेले, याची पाळी आली. निम्म्यात पोचला आणि खाली बघितलं. ज्यांना दृष्टिभय आहे, म्हणजे खाली खोल बघितलं की ज्यांचे पाय गळतात, त्यांना कळेल पुढे काय झालं. दोन्ही हातांनी खोबणी अशी धरली की सुटेचना. पाय शिलाई मशीनसारखे थरथरायला लागले. वरून सगळे ओरडतायत, "अरे काही नाही, सोपंय!" भेदरलेल्या माणसाला 'सोपंय' म्हणण्याइतका दुष्टपणा दुसरा नाही. मी सगळ्यांना गप्प केलं, त्याच्या शेजारी चढलो, त्याचा डावा बूट हातानं धरून खोबणीत ठेवला. "दादा, फक्त डावा पाय. बाकी काही करायचं नाहीये." वीस-पंचवीस मिनिटं गेली तो एक पाय हलायला.

परत खाली नेणं शक्य नव्हतं. तेवढी घळ उतरणं चढण्यापेक्षा वाईट, आणि अंधार व्हायच्या आत खाली पोचलोच नसतो. मग पुढचा प्रत्येक टप्पा त्याला दोर बांधून, मागून एक आणि पुढून एक असं करत काढला. शेवटचे दोन तास बॅटरीच्या उजेडात. पाणी संपलेलं. कोकणकड्यावर पोचलो तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते. तिथल्या टपरीतल्या मावशींनी झोपेतून उठून पिठलं टाकलं. भाकरीचा दुसरा तुकडा मोडताना तो हळूच म्हणाला, "दोन्ही वेळा पाचनईनंच आलो होतो. दुसऱ्यांदा तर धुक्यात हा कडापण दिसला नव्हता."

तो खोटं बोलला नव्हता, हे लक्षात घ्या. मी गडाचं नाव विचारलं, तसं त्यानं गडाचं नाव सांगितलं.

तेव्हापासून माझ्या गोलात तीन गोष्टी सांगाव्या लागतात: कुठल्या वाटेनं गेलात, शेवटचा ट्रेक कधी केलात, आणि कुठे घाबरलात. तिसऱ्या उत्तरावर माझा सगळ्यात जास्त विश्वास. "हरिहर गडाच्या उभ्या पायऱ्या बसून बसून उतरलो" असं हसत सांगणारा माणूस मला चालतो, त्याला कुठे हात द्यायचा ते मला कळलेलं असतं. "मी कुठेच घाबरत नाही" म्हणणाऱ्याला मी गुपचूप माझ्या लगेच मागे चालायला लावतो.

आणि ते आकडे! "चाळीस किल्ले पूर्ण." त्यात चाकणचा भुईकोट आणि गाडीनं केलेला सिंहगड तीनदा. जूनमध्ये कळसूबाईच्या लोखंडी शिड्या चढून १६४६ मीटरवर फोटो काढला की जुलैत लोकांना लिंगाणा हवा असतो. लिंगाण्याला दोर, हार्नेस आणि ते वापरायचा सराव लागतो, भिडू. मधल्या दोन-तीन वर्षांना जवळची वाट नाही. राजगड-तोरणा चाला, पायाला घसारा, म्हणजे पायाखालून सरकणारी सुटी माती, कळू द्या, एकदा रस्ता चुका. मग बोलू.

कामाचं नाव सांगता, काम सांगत नाही

"सीनियर असोसिएट, एंटरप्राइझ सोल्युशन्स." पहाटे साडेपाचला हे ऐकून कुणाला काय कळणार? एकदा असाच एक जण खोदून विचारल्यावर म्हणाला, "एसटीसारख्या बसचं तिकीट काढायचं मशीन असतं ना, ते बंद पडलं की मला फोन येतो." सगळा गोल हसला आणि पुढचे दोन दिवस लोक त्याच्याशी बोलत होते. मास्तरांनी 'शिक्षणक्षेत्रात' म्हणू नये, सहावीला गणित शिकवतो म्हणावं. हुद्दा ऑफिसच्या दारावर ठेवून यावा.

याच्या उलटी चूक जास्त महागात पडते, आणि ती बहुतेक वेळा बायका करतात. "मी काही करत नाही, घरीच असते." एका उतरणीवर आमच्यावर आग्यामाश्या उठल्या. कशामुळे ते कळलं नाही. कुणी अत्तर मारलं होतं का, मी नंतर ओरडत विचारत होतो, त्याचा काही उपयोग नव्हता. कॉलेजच्या एका पोराला तीसेक डंख. आम्ही पाच-सहा अनुभवी म्हणवणारे लोक नुसते पळतोय आणि एकमेकांना सूचना देतोय. तेवढ्यात गोलात "घरीच असते" म्हणालेल्या काकू पुढे आल्या. माश्यांपासून लांब नेऊन पोराला बसवलं, भराभर काटे खरवडून काढायला लागल्या, हात सुजायच्या आत त्याच्या बोटातली अंगठी काढून घेतली. "जीभ जड वाटतेय का? श्वास अडकतोय का?" दर पाच मिनिटांनी नाडी. ग्रामीण रुग्णालयात पोचेपर्यंत त्या त्याच्या शेजारून हलल्या नाहीत. तिथल्या डॉक्टरांशी त्या ज्या भाषेत बोलल्या ती ऐकून मी बघतच राहिलो. बावीस वर्षं अतिदक्षता विभागात नर्स, दोन वर्षांपूर्वी निवृत्त.

"काकू, सांगितलं का नाही?"

"तुम्ही 'काय करता' विचारलंत. आता करत नाही ना."

तेव्हापासून मी "काय करता, आणि पूर्वी काय करत होता" असं विचारतो. सुतार, वायरमन, दाई, सैन्यातून परतलेले, लहानपणी गुरं राखलेले, सगळं सांगा. डोंगरात गुरं राखलेला माणूस पन्नास ट्रेकवाल्यांपेक्षा लवकर वाट शोधतो. तो मात्र हमखास सांगतो, "मी सध्या लॉजिस्टिक्समध्ये आहे."

छंद म्हणजे शाळेच्या वहीतला निबंध नव्हे

वाचन, संगीत, प्रवास. हे छंद नाहीत, ही रिकाम्या जागेत भरलेली माती आहे. एकच सांगा, पण बारीक सांगा. एका मुलीनं सांगितलं होतं, "मला वीरगळ बघायला आवडतात." वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड. बास. परत येताना गावातल्या आजोबांनी स्वतःहून तिला शेताच्या बांधावर नेलं, मागोमाग आम्ही सगळे. अर्धा जमिनीत गेलेला दगड. तिनं हातानं माती बाजूला केली आणि दाखवलं: खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. शेजारचा दुसरा दगड सतीचा होता, कोपरात वळलेला बांगड्यांचा हात. त्या गावात मी त्याआधी सात-आठ वेळा गेलो होतो. त्याच बांधावर बसून बूट बांधले होते.

कुणी गडावरची पाण्याची टाकी मोजतो, कुणी सात वर्षांनी फुलणाऱ्या कारवीचा हिशेब ठेवतो, एक गृहस्थ तर प्रत्येक गावातल्या चहाला दहापैकी गुण देतात. असं काहीतरी सांगा. काहीच नसेल तर "अजून सापडलं नाही" म्हणा, तेही चालतं.

दुखणं लपवू नका. गुडघ्याचा लिगामेंट, दमा, साखर, बीपीची गोळी. चारचौघांत सांगायची लाज वाटत असेल तर नका सांगू, पण निघायच्या आधी मला बाजूला घेऊन कानात सांगा. दम्याचा पंप सॅकच्या कुठल्या कप्प्यात आहे तेही सांगा. पंप शोधत सगळी सॅक कड्याच्या काठावर रिकामी करायची वेळ माझ्यावर आलेली आहे. डबे, चादर, चार्जर, तीन प्रकारचे लाडू, आणि पंप सगळ्यात खाली.

ओळख म्हणजे वधू-वर मेळावा नाही. जन्मसाल, उंची आणि 'वेल सेटल्ड' ऐकायची आम्हाला गरज नाही.

आपल्या विम्याच्या धंद्याचं कार्ड गोलात वाटू नका. निदान माची येईपर्यंत थांबा.

दुसऱ्याला पॅकेज विचारू नका. आडनाव ऐकून "म्हणजे मूळचे कुठले?" असा पाठलागही नको. त्यामागे काय चाचपलं जातंय ते सगळ्यांना कळतं.

अलीकडे एक नवीन चूक आली आहे. लोक फोन काढून ओळख वाचून दाखवतात. "मी एक उत्साही, बहुआयामी आणि निसर्गाशी नाळ जोडलेली व्यक्ती आहे." ही भाषा कुणाच्या तोंडची नाही, कुठून लिहून घेतलीय तेही कळतं. स्वतःबद्दलची चार वाक्यं जवळच्या वाटेनं आणणाऱ्याला मी डोंगरात जवळची वाट सापडली म्हणाला तरी त्याच्या मागे जाणार नाही. अडखळा, 'म्हणजे' दहा वेळा म्हणा, पण तुमचं तुम्ही बोला.

लांबण लावू नका. पस्तीस जण गुणिले दोन मिनिटं म्हणजे सत्तर मिनिटं, तेवढ्यात ऊन डोक्यावर येतं आणि शेवटच्या दहा जणांचं कुणीच ऐकत नाही. यावर माझा तोडगा असा: पायथ्याशी फक्त नाव, वाट आणि कुठे घाबरलात. काम आणि छंद पहिल्या चढानंतर, झाडाखाली, गुळपोळी वाटताना. दम लागलेला माणूस फुशारकी मारत नाही, तेवढा श्वासच उरलेला नसतो. काही संयोजकांना ही पद्धत विस्कळीत वाटते. असेल.

आणि नाव मोठ्यानं सांगा. कागदावरचं नको, धुक्यात हाक मारली तर ज्याला 'ओ' द्याल ते. मागच्या पावसाळ्यात एकाच नावाचे तिघं आले होते. एकाला आम्ही टोपीवाला केलं, एकाला मिशीवाला. तिसरा स्वतःच म्हणाला, "मला सगळ्यात मागचा म्हणा." टोपी वाऱ्यानं उडाली, मिशी भिजून खाली आली, पण हा दिवसभर सगळ्यात मागेच होता. दर खिंडीत आम्ही हाक मारायचो, "सगळ्यात मागचा?" आणि धुक्यातून बऱ्याच वेळानं आवाज यायचा, "ओ!"