ताईचं सचिनचं जुनं फॅन पान परत मिळवलं (माझा अनुभव)

ताईने कॉलेजात असताना जिओसिटीजवर (फुकट वेबपानं करू देणारी तेव्हाची साइट) सचिनचं फॅन पान केलं होतं, मैत्रिणींनी मिळून मराठीत लिहिलेलं. २००९ च्या ऑक्टोबरात जिओसिटीज बंद झालं आणि पान गेलं ते गेलंच असं आम्ही धरून चाललो होतो. परवा माळ्यावरच्या वहीत त्याचा पूर्ण पत्ता सापडला, वेबॅक मशीनमध्ये (जुन्या वेबपानांच्या प्रती जपून ठेवणारी साइट) टाकला तर चक्क चार तारखांच्या प्रती आल्या!

पण मजकूर सगळा गिचमिड. तेव्हा युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत) कुठे होतं हो आमच्याकडे, सगळं शिवाजी फॉन्टमध्ये, म्हणजे आत इंग्रजी अक्षरं आणि वर मराठीचा मुखवटा. मी आधी सरळ कॉपी करून, अशा फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये टाकलं, तर निम्मी जोडाक्षरं गायब. कारण ब्राउझरने एन्कोडिंग (फाइलमधल्या आकड्यांवरून अक्षरं ओळखायची पद्धत) युनिकोडचं यूटीएफ-८ धरलं होतं आणि न समजलेल्या अक्षरांच्या जागी काळे प्रश्नचिन्हवाले चौकोन टाकले होते, ते कॉपी केलं की मूळ अक्षर कायमचं गेलं.

मग पत्त्यातल्या तारखेच्या आकड्यांना चिकटून आयडी आणि अंडरस्कोअर (id_) टाकलं, त्याने मूळ फाइल जशीच्या तशी येते. ती विंडोज-१२५२ (विंडोजचं जुनं, इंग्रजीसारख्या भाषांसाठीचं एन्कोडिंग) म्हणून उघडली आणि मग कन्व्हर्ट केली. तरी पहिली वेलांटी आणि रफार चुकीच्या अक्षरावर बसत होते, ते हाताने नीट केले, दोन रात्री गेल्या. फोटो मात्र एकच मिळाला, तोही अंगठ्याएवढा.

ताईला पाठवलं तर म्हणते, "अरे, शुद्धलेखन किती वाईट होतं माझं!"