गाडीच्या कुलपात खोबरेल नको

डिसेंबरात बेळगावात सकाळी खोबरेलाची बाटली बघा. तेल पांढरंधोप थिजलेलं असतं, कारण साधारण २४ अंशांखाली ते गोठतंच. तरी गाडीचं कुलूप जड झालं की आपल्याकडे पहिल्यांदा तेच आत सोडतात. आम्हीही सोडायचो. एकदा पहाटे खानापूरला निघताना किल्ली अर्ध्यातच अडकली. मेस्त्रीने कुलूप खोलून दाखवलं, तर आत तेल आणि तांबड्या मातीचा नुसता लगदा.

कुलपात पातळ पट्ट्या आणि बारीक स्प्रिंगा असतात. किल्लीच्या खाचांनी सगळ्या पट्ट्या बरोबर जागेवर आल्या, तरच सिलिंडर, म्हणजे किल्ली जाते तो आतला गोल भाग, फिरतो. ओलं तेल धूळ धरून ठेवतं आणि पट्ट्या चिकटतात. ग्रीसचंही तेच. म्हणून वंगण कोरडंच हवं: पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनचा, ड्राय स्प्रे किंवा ग्राफाइटची पूड. मी स्प्रे घेतो. पूड आधीच्या तेलात मिसळली की काळा चिखल होतो.

आधी दुसरी किल्ली लावून बघा. ती सहज फिरली तर रोजची किल्ली झिजली आहे, तिथे वंगणाचा उपयोग नाही. नवी किल्ली झिजलेलीवरून काढू नका, चांगलीवरून काढा. इग्निशन अडलं तर स्टिअरिंग हलकेच डावी-उजवीकडे हलवत किल्ली फिरवा. पुष्कळदा नुसतं स्टिअरिंग लॉक ताणलेलं असतं.

मग दाराचं कुलूप साफ करा. डब्ल्यूडी-४० हा मळ सोडवणारा स्प्रे इथे कामाचा, पण साफसफाईपुरताच. थोडा मारा, किल्ली आत-बाहेर करा, फडक्याला पुसा. किल्लीवर काळं येईनासं होईपर्यंत हेच. पूर्ण वाळू द्या. मग ड्राय स्प्रेची नळी भोकात घालून एकच छोटा फवारा, दहाएक वेळा किल्ली आत-बाहेर, दोन्हीकडे फिरवा, पुसा. झालं.

इग्निशनला मात्र जपून. सिलिंडरच्या मागे विजेचा स्विच असतो आणि ग्राफाइटमधून वीज वाहते, म्हणून तिथे पूड नकोच. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, स्प्रे भोकात न मारता किल्लीवर मारून ती आत घाला. बरेच स्प्रे पेट घेणारे असतात, तेव्हा वास पूर्ण गेल्याशिवाय वायर जोडू नका.

खानापूर, जांबोटीकडचा पाऊस सुरू व्हायच्या आत, मे महिन्यात, हे एकदा उरकून घ्या. आणि रिमोटची गाडी असली तरी महिन्यातून एकदा दार किल्लीनेच उघडा. रिमोटचा सेल संपेल त्या दिवशी तेच कुलूप लागणार आहे.