जंतनाशक पाजले, पण ते लागू पडले का?

शेळ्या-मेंढ्यांना पाजलेले जंतनाशक लागू पडले की नाही, हे जनावराच्या तकाकीवरून ठरवू नये. औषध देण्याच्या दिवशी आणि पुन्हा साधारण 14 दिवसांनी त्याच जनावरांच्या ताज्या लेंड्या तपासून एका ग्रॅममागे जंतांची किती अंडी आहेत, याची मोजणी करून घ्यावी. नमुना पोहोचेपर्यंत थंड ठेवावा, कारण उबेत अंड्यांतून अळ्या बाहेर पडतात आणि मोजणी फसते.

अंड्यांतील घट 95 टक्क्यांहून कमी असेल, तर जंत त्या औषधाला दाद देईनासे झाल्याची शंका घ्यावी. ही अडचण नवी नाही: थायाबेंडाझोल हे जंतनाशक 1961 मध्ये वापरात आले आणि 1964 मध्येच मेंढ्यांतील जंत त्याला जुमानत नसल्याची नोंद झाली.

मात्र औषधाला दोष देण्याआधी मात्रा तपासावी. वजन नजरेने अंदाजले किंवा कळपाची सरासरी धरली, तर सर्वांत भारी जनावरांना औषध अपुरे पडते आणि त्यातून वाचलेले जंतच पुढची पिढी वाढवतात. शेळीचे शरीर अनेक जंतनाशके मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकते, त्यामुळे मेंढीची मात्रा तिला पुरेलच असे नाही. तरीही लेव्हामिसोलसारख्या औषधात सुरक्षित आणि विषारी मात्रांमध्ये फारसे अंतर नसल्याने ती किती वाढवायची, हे पशुवैद्यकालाच ठरवू द्यावे.

औषध बदलताना नुसते नाव नव्हे, गट, म्हणजे जंतांवर एकाच पद्धतीने काम करणाऱ्या औषधांचा वर्ग, बदलावा. अल्बेंडाझोल सोडून फेनबेंडाझोल घेतले, तर गट तोच राहतो.