एल्कसाठी रायफल घेताना बोर खांद्याला विचारा

एल्क म्हणजे उत्तर अमेरिकेतलं मोठं हरीण. त्याच्या शिकारीसाठी पहिली रायफल घेतली तेव्हा दुकानदाराने सांगितलं, "एल्क तीनशे किलोचं जनावर, .३०० विनचेस्टर मॅग्नमच घ्या." ही जोरदार धक्क्याच्या काडतुसाची रायफल. मी घेतली. त्या ऑक्टोबरात कोलोरॅडोच्या डोंगरात दोनशे यार्डांवरच्या मादीला माझी गोळी फुफ्फुसाऐवजी पोटात लागली. बर्फावरचे रक्ताचे थेंब बघत अंधार पडेपर्यंत आम्ही फिरलो. ती सापडली दुसऱ्या दिवशी सकाळी. मांस वाया गेलं होतं. रात्रभर ती कुठेतरी तळमळत पडली असेल, हा विचार अजून जात नाही. म्हणून हे लिहिते आहे.

मी मूळची कराडची. १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे आपल्याकडे शिकारीला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. इथे कोलोरॅडोत एल्कचे कळप मोठे आहेत, संख्या आटोक्यात राहावी म्हणून ठरावीक परवाने देतात. वर्षातून एक जनावर मिळालं की आमचा फ्रीझर भरतो.

माझी चूक शेजारच्या एका म्हाताऱ्या शिकाऱ्याने नेमबाजीच्या रेंजवर पकडली. काडतुसं त्यांनी स्वतः भरली आणि मला न सांगता मध्येच एक पोकळ, बिनदारूचं काडतूस घातलं. मी चाप ओढला. आवाज नाही, धक्का नाही, पण दुर्बिणीतलं निशाण खाली घसरून थेट मातीवर गेलेलं दिसलं. डोळाही मिटला होता. धक्का बसायच्या आधीच माझं अंग त्याला घाबरत होतं. माझी उंची पाच फूट दोन इंच. रायफलीचा खांद्याला टेकवायचा दस्ताही मला लांब होता, तो नंतर कापून घेतला.

आता बोराचं. आपल्याकडे '.३१५ बोर' म्हणतात तसा हा आकडा इंचातला, साधारण गोळीच्या जाडीचा. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. .३०८, .३०-०६ आणि .३०० मॅग्नम या तिघांची गोळी एकाच जाडीची असते, ७.८ मिलिमीटर. फरक असतो मागच्या दारूचा, आणि तेवढाच खांद्यावरच्या धक्क्याचा. आठ पौंडांच्या रायफलीत तो साधारण १८, २० आणि २५ फूट-पौंडांच्या पुढे, असा चढत जातो (फूट-पौंड हे धक्का आणि गोळीचा जोर मोजायचं एकक). आकडे जवळचे वाटतात, पण विसाव्या गोळीला खांदा खरं काय ते सांगतो.

गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. १८० ग्रेन म्हणजे बरोबर एक जुना तोळा, ११.६६ ग्रॅम. हे कळल्यावर ग्रेन मला हाताला समजायला लागले. कोलोरॅडोत एल्कसाठी किमान .२४ बोर, ८५ ग्रेनची गोळी आणि शंभर यार्डांवर १००० फूट-पौंड जोर, एवढं कायद्याने लागतं. दुसऱ्या राज्यात नियम वेगळे, तिथली पुस्तिका वाचूनच काडतुसं घ्या. .२४३ या नियमात बसते, तरी एल्कला मी ती वापरणार नाही. म्यूल हरणाला किंवा प्राँगहॉर्नला ती छान, ६.५ मिलिमीटरची क्रीडमूरही. एल्कला .२७०, ७ एमएम-०८, .३०८ किंवा .३०-०६ घ्या. अलास्कातल्या मोठ्या अस्वलांसाठी बरेच जण .३३८ किंवा .३७५ घेतात, तो या लेखाचा विषय नाही.

बोराइतकाच, किंबहुना जास्त विचार गोळीचा करा. हरणासाठीची मऊ, पटकन फुटणारी गोळी एल्कच्या खांद्याच्या हाडावर आपटून वरच्यावर विखरू शकते. एल्कला तांब्याचं वेष्टण आणि आतलं शिसं घट्ट जोडलेली बाँडेड गोळी किंवा सबंध तांब्याची गोळी हवी. मी तांब्याची वापरते, कारण शिशाचे बारीक कण मांसात राहतात आणि ते मांस माझी मुलं खातात. मागे टाकलेली आतडी गरुड खातात, त्यांनाही ते शिसं बाधतं. तांब्याची गोळी जनावराच्या अंगात फुलायला मात्र वेग लागतो. म्हणून .३०८ मध्ये मी १६५ ऐवजी १५० ग्रेनची घेते आणि फार लांबून मारत नाही.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. डोंगरातल्या छोट्या गावात काडतुसं संपली तर .३०८, .२७० आणि .३०-०६ बहुधा मिळतात. नव्या फॅशनच्या बोरांचा भरवसा नाही.

विकत घेण्याआधी ओळखीच्या कुणाची तरी रायफल मागून घ्या, कानांना संरक्षण लावा आणि वीस गोळ्या झाडा. टेबलावर टेकवून नको, जमिनीवर बसून, डोंगरात बसाल तसं. दोनशे यार्डांवर नऊ इंची कागदी प्लेट लावा. कुणाला तरी मध्येच ते पोकळ काडतूस भरायला सांगा. निशाण हललं तर एक पायरी कमी धक्क्याचा बोर घ्या. पाचपैकी पाच गोळ्या प्लेटमध्ये लागत नसतील तर प्लेट दीडशेवर आणा. जिथे पाचही लागतात तीच तुमची हद्द. माझी १८० यार्ड आहे. गेल्या वर्षी समोर २४० वर नर उभा होता. जवळ जायला मध्ये नुसतं उघडं मैदान होतं, मी चाप अडवणारा खटका, सेफ्टी, काढलीच नाही.