डायरेक्ट सेलिंगमध्ये नवीन जॉइन होताय? पैसे अडकवणाऱ्या या चुका टाळा

"जॉइनिंग एकदम फ्री आहे ताई, फक्त आधार आणि पॅनचा फोटो पाठवा." इथपर्यंत बऱ्याच डायरेक्ट सेलिंग (दुकानाऐवजी ओळखीच्या माणसांमार्फत माल विकणाऱ्या) कंपन्यांमध्ये खरंच एक रुपया लागत नाही. खर्च सुरू होतो कंपनीत नाव नोंदून आयडी पडल्यावर, वेलकम ऑफरच्या नावाखाली, आणि नवीन लोकांचे सगळ्यात जास्त पैसे इथेच अडकतात असं माझं स्पष्ट मत आहे.

ऑफरसाठी माल भरणे. समजा ऑफर अशी आहे की पहिल्या महिन्यात डीपीने (डिस्ट्रिब्युटर प्राइस, म्हणजे विकणाऱ्याला मिळणारा एमआरपीपेक्षा कमी दर) १०,००० चा माल घेतला की १,५०० एमआरपीचं प्रॉडक्ट फ्री. अपलाइन, म्हणजे तुम्हाला जोडणारी व्यक्ती, म्हणते घेऊन टाक, विकलं जाईलच. आता एमआरपीवर २० टक्के मार्जिन धरलं आणि महिनाभरात ५,००० एमआरपीचा (म्हणजे डीपीने ४,००० चा) माल गेला तर हातात १,००० सुटले, तेही मावशीने आणि शेजारच्या वहिनीने डिस्काउंट मागितला नाही तर, आणि मागतातच. डीपीचा ६,००० चा माल कपाटात पडून राहिला. त्यात प्रोटीन पावडरचे डबे, फेसवॉश, क्रीम, सगळ्यावर एक्सपायरी. पुढच्या महिन्यात पुन्हा "अ‍ॅक्टिव्ह राहायचं तर एवढे पीव्ही करावे लागतील" (पीव्ही म्हणजे खरेदीवर मिळणारे पॉइंट) म्हणून फोन येतो आणि आधीचा माल तसाच असताना नवीन ऑर्डर जाते.

त्यामुळे आधी चार-पाच पक्के गिऱ्हाईक, त्यांनी सांगितलेल्या वस्तू, तेवढीच ऑर्डर. ऑफर हुकली तरी चालेल हो, ऑफर दर महिन्याला नवीन येते.

किट आणि पुस्तकांचे पैसे देणे. डायरेक्ट सेलिंगचे नियम २०२१ मध्ये आले, ग्राहक संरक्षण कायद्याखाली. त्यात साफ लिहिलंय की नवीन येणाऱ्या माणसाला डायरेक्ट सेलरने कंपनीचं साहित्य किंवा डेमोचं सामान विकत घ्यायला लावायचं नाही. म्हणजे "हे ८०० चं पुस्तक आणि डेमो किट घेतल्याशिवाय सुरू करता येत नाही" असं कोणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा, नियम दाखवा.

माणसं जोडण्याच्या बोनसवर हिशोब मांडणे. दोन माणसं आणा, प्रत्येकी इतके मिळतील, अशी स्कीम असेल आणि माल विकण्याचा विषयच निघत नसेल तर तिथून उठा. नुसतं माणसं भरती केल्याबद्दल फायदा मिळणं म्हणजे पिरॅमिड स्कीम, आणि त्यावर याच नियमांत बंदी आहे. पैसे फिरवण्याच्या स्कीमविरुद्ध तर १९७८ पासून वेगळा कायदाच आहे. यात आपण आपल्याच भावा-बहिणींना ओढतो, म्हणून हे फार जपून बघा, पैसे बुडाले की नाती पण जातात.

टॅक्स विसरणे. कमिशनवर टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा टॅक्स) कापला जातो, १ ऑक्टोबर २०२४ पासून २ टक्के, आधी ५ होता. पॅन दिला नसेल तर २० टक्के जाऊ शकतो. आणि ती फ्री थायलंड ट्रिप किंवा मोबाईल, वर्षात असे फायदे २०,००० च्या वर गेले तर त्यावर १० टक्के टीडीएस लागतो आणि ती किंमत तुमच्या उत्पन्नात धरली जाते. फ्री म्हणून मिळालेल्या ट्रिपचा टॅक्स आपल्या खिशातून भरायला लागू शकतो, हे सेमिनारच्या स्टेजवरून सांगत नाहीत.

पेट्रोल, सॅम्पल, कुरिअर, सेमिनारचं तिकीट हे पण एका वहीत रोज लिहा, कमिशनचा आकडा त्यातून वजा करूनच बघा.

आधीच अडकला असाल तर? नवीन ऑर्डर आज थांबवा, कंपनीतली लेव्हल गेली तर जाऊ दे. मग अ‍ॅग्रीमेंट उघडा आणि कूलिंग-ऑफ पिरियड किती आहे ते बघा, त्या मुदतीत करार सोडला तर दंड लागत नाही. बऱ्याच कंपन्या सील न तोडलेला माल ठराविक मुदतीत परत घेतात, म्हणून बिलं सांभाळा आणि "एक डबा वापरून बघते" करत सील फोडू नका. अपलाइनला व्हॉट्सअ‍ॅप करून उपयोग नाही, ती "थोडं थांब" म्हणेल आणि तेवढ्यात मुदत संपेल. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल टाका, त्याचं नाव-नंबर वेबसाइटवर असावंच लागतं. ४८ कामकाजाच्या तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असा नियम आहे. काहीच झालं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा, आणि फोन करताना आयडी नंबर, बिलं आणि पाठवलेला ईमेल समोर ठेवा.